खिशात मावणारा कॉम्प्युटर

सातारा,
१६ नोव्हेंबर १९९७

श्री. हिंदुराव भाऊजी यांना,

तुमचा मस्कतचा पत्ता आप्पासोंनी दिला. त्यांच्यावर रागावू नका. मी विचारलाच असा, की त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मी तुमच्या थोरल्या भावाची, जयसिंगरावांची बायको. तुम्ही घर सोडून गेलात त्यानंतर मी या घरात आले. तुम्हाला मी एका फोटोत पाहिलं आहे, तेवढंच. त्यातही तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघताय. या घरात तुमचं नाव कुणी काढत नाही. सुरुवातीला मी एकदा काढलं, तर हे ताटावरून उठले. पुन्हा काढलं नाही.

म्हणून सरळ विचारते. तुम्ही यांना तो लहानसा कॉम्प्युटर का पाठवलात?

मला यांनी सांगितलं की पुण्यात घेतला. मीही मान डोलावली. परवा सांगलीला एका लग्नात आप्पासो भेटले. मस्कतहून सुट्टीवर आलेत म्हणे. पंगतीत माझ्यासमोर उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "काय वहिनी, हिंदुरावांनी माझ्याबरोबर धाडलेला पामटॉप चालतोय ना दादांचा?" माझ्या तोंडात घास होता. मी म्हटलं, "चालतोय की." आणि नंतर ते ताट मला संपेना.

आता आधीचं सांगते, म्हणजे मी उगाच डोकं पिकवतेय असं तुम्हाला वाटणार नाही. सांगलीच्या ज्या कंपनीत हे आहेत, ती शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवते. परीक्षानळ्या, तराजू, सूक्ष्मदर्शक असलं सगळं. यंदा यांना सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांचं प्रमुख केलं. मालक नानासो स्वतः घरी आले आणि म्हणाले, "जयसिंगराव, तुमची फिरती वाढली, तुम्हाला लॅपटॉप देतोय कंपनीकडून." आमच्या गल्लीत लॅपटॉप कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. शिवतेजनं, म्हणजे आमच्या मुलानं, दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगूनसुद्धा टाकलं. आणि यांनी चक्क हात जोडले. "मला नको. मी माझा पामटॉप वापरीन."

कारणं विचाराल तर तयारच होती. लॅपटॉप जड. स्कूटरवर खड्ड्यात आपटणार, एसटीत लेकरासारखा मांडीवर घेऊन बसायचा. दोन तासांत बॅटरी उतरते, आणि गावोगावच्या शाळांत वीज असली तर असते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर तो उघडायचा म्हणजे आधी त्यांची फुलदाणी हलवा, चहाचा कप हलवा. त्यापेक्षा हा बरा. चष्म्याच्या डबीहून जरा मोठा, दोन पेन्सिल सेलवर चालतो, सेल पानपट्टीवरही मिळतात, आणि शर्टाच्या खिशात जातो.

एकही कारण खोटं नाही. मला खटकतं ते हेच. ज्या माणसानं शाळेला सामान विकण्यापलीकडे आयुष्यात कुणाला दोन कारणं एका वेळी दिली नाहीत, तो इतकी कारणं घोकून का बसला होता?

अठरा वर्षं बोलत नसलेले भाऊ अचानक एकमेकांना वस्तू पाठवू लागले तर त्यामागे काहीतरी असतं. गावाकडचं, रहिमतपूरचं रान विकायचं चाललंय का? की यांना तिकडे बोलावून घेताय? जे असेल ते मला कळलं पाहिजे.

उत्तर घरी पाठवू नका. मी ज्या कन्याशाळेत मराठी शिकवते तिचा पत्ता पाकिटामागे आहे.

संयोगिता


सातारा,
२० डिसेंबर १९९७

हिंदुराव भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. चारच ओळी. "दादाची फिरती वाढली, उपयोगी पडेल म्हणून पाठवला. रानाचा विषय नाही. तिकडे येण्याचा विषय नाही. तुम्ही काळजी करू नये." माझ्या वर्गातल्या मुलींनी असा निबंध लिहिला तर मी परत करते.

काळजी करू नये असं सांगणाऱ्याला काळजीचं कारण ठाऊक असतं. म्हणून मी आता डोळे उघडे ठेवले आहेत, आणि जे दिसलं ते तुम्हाला कळवते.

हे तो पामटॉप एका क्षणासाठी जवळून काढत नाहीत. आंघोळीला जाताना न्हाणीच्या कोनाड्यात ठेवतात. कुणाच्या घरी जायचं असलं, की दारापाशी पाठमोरे उभे राहून उघडतात, काहीतरी वाचतात, मिटतात आणि मग बेल दाबतात. फोन वाजला की स्वतः उचलत नाहीत. शिवतेजला किंवा मला उचलायला लावतात, "कोण आहे विचार" म्हणतात, मग खिशातली डबी उघडतात आणि मग बोलतात. मला पूर्वी नावानं हाक मारायचे. हल्ली "अगं" म्हणतात. तोंडावर नाव घ्यायला माणूस कधी बिचकतो, हे मला कुणी शिकवायला नको.

गेल्या रविवारी पाचगणीला एका निवासी शाळेत सूक्ष्मदर्शक पोचवायचे होते. मी म्हटलं, मी पण येते, थंडीत पाचगणी बघून किती वर्षं झाली. यांना ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारण सापडलं नाही. पसरणी घाटात स्कूटरवर बसून मी दोनदा काहीतरी विचारलं. यांनी स्कूटरचा वेग वाढवला. शाळेच्या फाटकाशी मला म्हणाले, "तू इथंच थांब, पाच मिनिटांत येतो." पुन्हा तो पामटॉपचा डबा उघडला. ओठ हलत होते. मी मागून चालत गेले. प्रयोगशाळेच्या दारात एक बाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या, खांद्यावर शाल, चेहरा हुशार. हे एकदम खुलले. "नीलिमाताई! कुणालची तयारी कशी चाललीय? दहावी ना यंदा?"

भाऊजी, यांचा स्वतःचा मुलगा यंदा दहावीला आहे. त्याच्या अभ्यासाबद्दल यांनी जूनपासून एक शब्द विचारलेला नाही.

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग यांच्याकडे. त्या नजरेत काहीतरी होतं. दया होती की चोरी, मला सांगता येत नाही. पण काहीतरी होतं, आणि ते त्या दोघांमध्ये होतं.

घरी आल्यावर, हे अंगणात असताना, मी तो डबा उघडला. पडद्यावर पासवर्ड विचारतो. शिवतेजचं नाव घातलं. आमच्या लग्नाची तारीख घातली. माझं नाव घातलं. शेवटी, लिहायलाही लाज वाटते, पण नीलिमा घातलं. उघडला नाही. हे आत आले तेव्हा डबा जागेवर होता. तरी यांनी तो हातात घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. 

मग मला समजलं की लॅपटॉप का नको होता. तो घरात टेबलावर राहिला असता. शिवतेजनं हाताळला असता, मी पाहिला असता, कंपनीनं कधीही परत मागितला असता. खिशातल्या वस्तूवर कुणाचा हक्क नसतो.

ती बाई कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का? या वेळी चार ओळी लिहू नका.

संयोगिता


सातारा,
२१ जानेवारी १९९८

भाऊजी,

तुमचं दुसरं पत्र काल आलं. "दादावर संशय घेऊ नका, वहिनी. तुम्हाला वाटतं तसलं काही नाही. त्यालाच विचारा. मी शब्द दिलाय." म्हणजे तुम्हाला माहीत आहे. हजारो मैलांवर तुम्हाला माहीत आहे, आणि एका घरात राहून मला नाही.

तुम्ही म्हणालात म्हणून काल संध्याकाळी विचारलं. शिवतेज क्लासला गेला होता.

"त्या पामटॉपमध्ये काय आहे?"

"कामाचं आहे."

"मग कामासाठी लॅपटॉप का नाही घेतला? फुकट मिळत होता."

"लॅपटॉप खिशात मावत नाही."

"खिशात कशाला लागतो? झोपतानासुद्धा?"

यांनी हात खिशावर ठेवला. मी म्हटलं, "हिंदुराव भाऊजींनी पाठवला, हे मला माहीत आहे." त्यावर यांचा चेहरा इतका पडला की क्षणभर मलाच वाईट वाटलं. मग म्हणाले, "त्याला पत्र लिहू नकोस." मी म्हटलं, "का? तो काय सांगेल?" त्यावर हे उठले आणि गच्चीवर जाऊन उभे राहिले. शिवतेज आला तेव्हा त्याच्यावरच ओरडले, की तू कोणाला विचारून घरात आलास. पोरगं बावरून माझ्याकडे बघत राहिलं.

आज सकाळी मी तो पामटॉप लपवला. ज्वारीच्या डब्यात खोल पुरून ठेवला. यांना लोणंदला जायचं होतं, तिथल्या शाळेत नवीन प्रयोगशाळा होतेय, मोठं काम आहे. हे आंघोळ करून आले. कोनाडा पाहिला, शर्टाचा खिसा पाहिला. बॅग पालथी केली, गादी उचलली, स्कूटरची डिकी उघडली. मी पोळ्या लाटत होते. वाटलं होतं विचारतील, मग भांडण होईल, मग जे आहे ते बाहेर पडेल. त्यांनी विचारलंच नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, तोंड पांढरंफटक, आणि म्हणाले, "आज जायलाच पाहिजे का?" मी म्हटलं, "मला काय विचारता? तुमची नोकरी." स्कूटर ठेवून एसटीनं गेले.

हे मी दुपारी घरीच बसून लिहितेय. रजा टाकली आहे. मला वाईट वाटत नाहीये, असं लिहिणार होते.

आत्ता लोणंदच्या शाळेतून फोन आला. मुख्याध्यापक विचारत होते, जयसिंगराव आज येणार होते ना? गाडी तर सकाळीच पोचली असणार.

पत्र इथंच थांबवते. तसंच पेटीत टाकते.

संयोगिता


रहिमतपूर,
२६ जानेवारी १९९८

भाऊजी,

ते सापडले. सुखरूप आहेत. हे आधी लिहिते, कारण मागचं पत्र वाचून तुमचा जीव टांगणीला लागला असेल. की तुम्ही ते वाचलं तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं?

त्या दिवशी मी शेजारच्यांच्या जीपमधून शोधायला गेले. वाठारला एसटी स्टँडवर विचारलं, लोणंदला स्टँडवर विचारलं. एका कंडक्टरला आठवत होतं, "इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, ते सायेब? उतरले की. उतरून हितंच हुबे हुते किती येळ." मग कुणीतरी म्हणालं, कांद्याच्या बाजारात एक साहेब बसलाय.

खरंच तिथं होते. पोत्यांच्या थप्पीला टेकून, बॅग मांडीवर घेऊन, हमालांच्या मध्ये. उन्हं कलली होती. यांच्या हातात चहाचा ग्लास होता आणि शेजारी एक म्हातारा हमाल बसला होता, कोंडीबा नावाचा. मला बघून तो उठला. "तुमी घरच्या का, बाई? लय बरं झालं. नाव इचारलं तर सांगत्यात, जयसिंग म्हून. गाव कंचं म्हनलं तर गप बसत्यात. मी म्हनलं जाऊ द्याचं न्हाई, गाडीखाली याचं मानूस." मग तोंड फिरवून हळूच म्हणाला, "रडत हुतं वो मगाशी."

मी समोर गेले. यांनी वर पाहिलं. एखाद्या पाहुण्या बाईकडे बघावं तसं पाहिलं, आणि जरा सरकून म्हणाले, "बसा ना."

मी बसले.  हळूहळू यांच्या डोळ्यांत ओळख आली. कशी आली ते मी पाहिलं, आणि पुन्हा कधी बघावं लागू नये असं वाटलं.

जीपमध्ये मागच्या सीटवर यांनी सगळं सांगितलं. गेल्या वर्षीपासून नावं जातात. आधी शाळांची गेली, मग माणसांची, मग रस्त्यांची. कामं जुनी असल्यामुळे हात आपोआप चालतात, कुणाच्या लक्षात येत नाही, पण माणूस समोर आला की त्याचं नाव तिथं नसतंच. म्हणाले, "कागदावर लिहून ठेवायचो. कागद हरवायचे. कुठल्या कागदावर काय तेच आठवायचं नाही. नानासो लॅपटॉप देत होते. पण तू सांग, समोर माणूस येऊन उभा राहिल्यावर लॅपटॉप टेबलावर ठेवून, उघडून, सुरू व्हायची वाट बघत त्याचं नाव शोधायचं? फाटकापासून दारापर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात बघून होईल असं काहीतरी पाहिजे होतं. असं काही मिळतं का विचारायला मला दुसरा कोण होता? हिंदूला लिहिलं."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आईला विचार." आणि मग माझा हात धरून म्हणाले, "एक कर. मला कडी लावू नकोस."

मला त्याचा अर्थ कळला नाही. म्हणून मी इथं आले. आत्याबाईंना, म्हणजे तुमच्या आईंना, पडवीत गाठलं आणि विचारलं, मामंजी कशानं गेले? मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, तापानं. त्या शेंगा निवडत होत्या. निवडत राहिल्या.

"जयसिंगाला बी झालं व्हय?" एवढंच म्हणाल्या.

मग सांगितलं. मामंजींना आपल्याच रानातून घरचा रस्ता सापडेना. तुम्हाला ते हाक मारायचे ती त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावानं. लोक म्हणाले बाधा झाली. तुमचे चुलते तात्याबा म्हणाले, आकारामाला, म्हणजे मामंजींना, मागच्या खोलीत ठेवा, गावात हसं व्हायला नको. "हिंदू म्हनत हुता मिरजंला न्या, डाक्तरला दावा. जयसिंगानं चुलत्याचं ऐकलं. कडी त्यानंच लावली. सा म्हैनं त्या खोलीत हुतं माजं मालक, तितंच गेलं. हिंदूनं भावाला आईबापावरनं शिव्या दिल्या न् गेला. त्यो जो गेला, त्यो परत आला न्हाई."

मी म्हटलं, "आत्याबाई, मला हे लग्नाआधी सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर तू नांदाया आली असतीस व्हय?"

खरं सांगते भाऊजी, आले नसते. पण ते ठरवायचा हक्क माझा होता. तुम्ही सगळ्यांनी तो घेतला. तुम्ही भावाशी भांडलात, बापासाठी घर सोडलंत, ते मोठंच होतं. पण तुमच्यामागून त्या घरात येणाऱ्या मुलीला दोन ओळी कुणी लिहिल्या नाहीत. आणि आता पुन्हा तेच केलंत. यांनी शब्द घेतला, तुम्ही दिलात, आणि मी पाचगणीच्या एका परक्या बाईवर चिखल उडवत बसले.

माझा संशय अगदीच खोटा नव्हता. तुम्ही लपवत होतात. फक्त काय, ते मी चुकीचं धरलं होतं.

यांना तुमचा राग नाही. मला आहे.

संयोगिता


सातारा,
८ मार्च १९९८

भाऊजी,

तुमचं लांबलचक पत्र मिळालं. तुम्ही माफी मागितलीत. माझा राग पूर्ण गेला असं लिहिणार नाही, पण पत्र मी यांना वाचून दाखवलं आणि हे पोरासारखे रडले. "हिंदूला लिही, की चूक माझी होती," म्हणाले. लिहिलं.

गेल्या महिन्यात मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. यांना म्हणाले, "मंडईत काय काय भाज्या असतात, सांगा बरं." हे म्हणाले वांगी, मेथी, वांगी. मग माझ्याकडे बघून हसले, जसं काही ती माझी परीक्षा होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बरा होत नाही हेही सांगितलं, पण हळूहळू चालतो म्हणाले, आणि या आजारात खोलीत एकटं ठेवण्याइतकं वाईट दुसरं काही नाही हेही सांगितलं. हे ऐकून यांनी मान खाली घातली. मला माहीत होतं कुणाची आठवण आली ती.

तिथून आम्ही कंपनीत गेलो. मला बोलू दिलं नाही. स्वतःच म्हणाले, "नानासो, मला फिरती जमणार नाही. माझं डोकं चालत नाही." नानासोंनी चष्मा काढून ठेवला. मग टेबलावरची परीक्षानळी यांच्या हातात दिली. "ही कसली काच आहे?" यांनी बोटांत फिरवली आणि म्हणाले, "हलकी. तापवली की तडकेल. मुलांच्या हातात देऊ नका." नानासो म्हणाले, "मग एप्रिलपासून साताऱ्याच्या गोदामात या. माल तपासायला असाच माणूस पाहिजे."

चांगला माणूस आहे. पण निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, त्या पामटॉपमधली सगळी माहिती आमच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली तर बरं. दोन जिल्ह्यांतल्या शाळा आहेत त्यात." माझ्या मनात लगेच आलं, म्हणून का गोदामातली नोकरी? तुम्ही म्हणाल, ही बाई सुधारणार नाही. यांना विचारलं, तर म्हणाले, "शाळांचं देऊ. बाकीचं माझं आहे." बाकीचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. आता पासवर्ड मला सांगितलाय. तरी मी तो डबा उघडला नाही, उघडणारही नाही. त्यात माझं नाव लिहिलेलं असेल, तर ते मला वाचायचं नाही.

फिरती सोडण्याआधी शाळांचा निरोप घ्यायचा, असं यांच्या मनात होतं. सगळीकडे जमलं नाही. पाचगणीला गेलो. या वेळी मी फाटकाशी थांबले नाही. चालता चालता यांच्या कानात सांगितलं, "या नीलिमाताई. मुलगा कुणाल." हे आत जाऊन तितक्याच आपुलकीनं बोलले. मग चहा येईपर्यंत हे कपाटातल्या बरण्या बघत होते, तेव्हा नीलिमाताई मला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"मला दिवाळीच्या सुमारासच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ऑर्डर घेऊन गेले, आणि थोड्या वेळानं पुन्हा आत येऊन मला स्वतःची ओळख करून दिली. कंपनीचं नाव, स्वतःचं नाव, सगळं. मी पुन्हा चहा मागवला. तुम्ही त्या दिवशी आलात तेव्हा तुम्हाला सांगावं असं फार वाटलं. पण वाटलं, घरच्यांना माहीत असेलच."

मी त्यांना माझ्या मनातलं काही सांगितलं नाही. पण त्यांचे दोन्ही हात धरले, आणि त्यांना ते का, हे कळलं नसावं.

घराच्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या मी गुंडा सुताराकडून काढून घेतल्या. शेजारच्या बाई विचारत होत्या, चोरांची भीती नाही का वाटत? मी शाळेत जाते तेव्हा हे घरात मोकळे असतात. एकदा बाहेर गेले आणि कोपऱ्यावरच्या वाण्यानं परत आणून सोडलं. त्या दिवशी वर्गात मला एक ओळ धड शिकवता आली नाही. तरी कड्या परत बसवल्या नाहीत.

शिवतेजची परीक्षा सुरू आहे. त्याला बाबा दमलेत एवढंच सांगितलंय. परीक्षा संपली की सगळं सांगणार आहे. डॉक्टर म्हणाले, बापाचं मुलाला होतंच असं नाही. होतंच असं नाही, म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

संयोगिता


सातारा,
१९ एप्रिल १९९८

प्रिय हिंदुराव भाऊजी,

परवा तुमचा फोन आला, त्याचा यांना किती आनंद झाला ते लिहून कळायचं नाही. तुमचा आवाज ऐकून हे फोनपाशी उभेच राहिले. आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिंदू, बापाला मिरजेला न्यायला पाहिजे होतं रं." तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. पण त्यानंतर हे हसले, आणि दोन्ही दिवस घरात तुमच्या लहानपणाच्या गोष्टी चालल्यात. त्यातल्या एकाही गोष्टीचं कुठलंही नाव यांना शोधावं लागत नाही. तुम्ही विहिरीत कसे पडलात, मामंजींनी कसं वर काढलं, सगळं जसंच्या तसं. शिवतेज तोंड उघडं टाकून ऐकत असतो. त्याला आता सगळं माहीत आहे. तो फारसं बोलला नाही, पण यांच्याबरोबर रोज संध्याकाळी फिरायला जातो, आणि चालताना हात यांच्या खांद्यावर ठेवतो.

आता जे लिहायचंय, ते कसं लिहावं हे दोन दिवस ठरत नव्हतं.

फोन माझ्याकडे आला तेव्हा तुम्ही विचारलंत, "शिवतेज कितवीला आहे, वहिनी?" मी सांगितलं, दहावीची परीक्षा झाली, निकाल जूनमध्ये. तुम्ही म्हणालात, छान. मग तिकिटाचं बोललात, दिवाळीत येतो म्हणालात, तिकडच्या उन्हाचं बोललात. आणि मग म्हणालात, "बरं, शिवतेज कितवीला आहे आता?"

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यांदाच सांगतेय अशा आवाजात सांगितलं.

लाईन खरखरत होती. पहिलं उत्तर तुम्हाला ऐकूच आलं नसेल. अठरा वर्षांनी भावाशी बोलून झालेला माणूस भानावर नसतो, हेही मला कळतं. आणि माझा स्वभाव तुम्ही आता चांगलाच ओळखता. पाचगणीच्या बाईंच्या बाबतीत मी केवढी चुकले! या वेळीही चुकलेली असू दे, एवढीच माझी इच्छा आहे.

पण दिवाळीपर्यंत थांबू नका. मे महिन्यात या. त्या डॉक्टरांनी यांच्या भावंडांबद्दल विचारलं होतं, मी तुमचं नाव सांगून ठेवलं आहे. मिरजेला मी तुमच्याबरोबर येईन. काही निघालं नाही, तर आपण सांगलीत भडंग खाऊ आणि मी तुमची माफी मागेन.

यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही त्यांना सांगू नका. मात्र तुमच्या बायकोपासून हे लपवायचं नाही. इंदुमतीला मी कधी पाहिलेलं नाही. कशी आहे, कशी बोलते, मला ठाऊक नाही. पण तिच्या घरात काय चाललंय ते सगळ्यात आधी तिला कळलं पाहिजे. तुम्ही सांगाल, असं म्हणून मी गप्प बसणार नाही. या घरातल्या माणसांवर माझा तेवढा विश्वास नाही.

म्हणून हे पत्र वाचून झालं की घडी करून ठेवू नका. इंदुमतीच्या हातात द्या.

तुमची वहिनी,
संयोगिता